न पाहिलेला विभाग, न भेटलेले गाईड

वाचकांचे प्रश्न : नव्या पदव्युत्तर आणि पीएच.डी. विद्यार्थ्यांची पत्रे
फेब्रुवारी २०२१

नव्याने पदव्युत्तर शिक्षण सुरू केलेल्यांची पत्रे या सदराकडे एरवी जुलै-ऑगस्टमध्ये येतात. यंदा ती डिसेंबरपासून येऊ लागली आणि अजून थांबलेली नाहीत. पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार की नाही याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात लागायला २८ ऑगस्ट २०२० उजाडला, आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांनी त्या परीक्षा ऑक्टोबरात उरकल्या, आणि पुढच्या वर्गांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १ नोव्हेंबरची तारीख सुचवली असली तरी अनेकांचे प्रवेश त्याच्याही पुढे रेंगाळले. आज पहिल्या सत्रात असलेला विद्यार्थी असे कित्येक महिने अधांतरी काढून मगच वर्गात, म्हणजे पडद्यासमोर, बसलेला आहे. आलेल्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगराळ गावात राहते. पुण्यात एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला, पण विभागाची इमारत मी अजून पाहिलेली नाही. घरात रेंज नसल्यामुळे गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून मोबाइलवर तास करते. सरांनी माझे नाव घेतले की छातीत धडधडते, तोंडाला कोरड पडते आणि माइक सुरू करण्याऐवजी मी मीटिंगमधूनच बाहेर पडते. नंतर ग्रुपवर ‘नेट गेलं होतं’ असे टाकते. बाकीच्यांना सगळे येते, ते इंग्रजीत फाडफाड बोलतात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. त्यात लोक आमच्या निकालाला ‘कोरोनाची डिग्री’ म्हणतात. माझा प्रवेश चुकून झाला आहे असे सतत वाटते. शिक्षण सोडून द्यावे का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : या सत्रात तरी सोडू नका. विभाग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि सोबतचे विद्यार्थी यांपैकी काहीही न पाहता तो विषय आपल्याला झेपतो की नाही हे ठरवता येत नाही, आणि तुमच्यापुढे आज निर्णयासाठी लागणारी माहितीच नाही.

आता ‘बाकीच्यांना सगळे येते’ या वाक्याकडे पाहू. हे तुम्हाला कशावरून कळले? पडद्यावर नावांचे चौकोन असतात, त्यांतले चार-पाच जण बोलतात आणि उरलेले सगळे गप्प असतात. त्या गप्प राहिलेल्यांची गणती तुम्ही ‘येणाऱ्यां’मध्ये केली आहे, तेही बहुधा तुमची गणती तशीच करत असतील. एरवीच्या वर्षी पहिल्या पंधरवड्यातच कॅन्टीनमध्ये कोणीतरी ‘मला तर क्वांटमचं ओ की ठो कळलं नाही’ असे म्हणते आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. कोणते सर चिडल्यासारखे दिसतात पण शंका विचारली की खूश होतात, पहिल्या अंतर्गत परीक्षेत सगळ्यांचेच गुण कमी येतात, कोणत्या सीनियरच्या वहीवर विभागाच्या तीन बॅच तरून गेल्या, ही माहिती कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसते. ती जिन्यात, बसथांब्यावर आणि प्रयोगशाळेत उपकरणाची वाट पाहताना मिळते. तुमच्या बॅचला नेमकी तीच मिळालेली नाही, आणि तिच्या अभावी प्रत्येक जण स्वतःच्या मनातल्या गोंधळाची तुलना दुसऱ्याच्या बंद कॅमेऱ्याशी करत बसला आहे.

आपला प्रवेश चुकून झाला आहे आणि एक दिवस आपले पितळ उघडे पडणार आहे, ही भावना मानसशास्त्राला जुनी आहे. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली तिचे वर्णन केले ते उत्तम यश मिळवलेल्या स्त्रियांमध्ये. घरातून उच्च शिक्षणात पहिलेच पाऊल टाकणाऱ्यांमध्ये ती मला वारंवार दिसते, कारण ‘आमच्याही वेळी असेच झाले होते’ असे सांगणारे घरात कोणी नसते.

धडधडीविषयी. नाव पुकारले जाते, भीती वाटते, तुम्ही बाहेर पडता आणि भीती झटकन उतरते. ही झटपट सुटकाच भीतीला बळ देते, कारण बोलल्यावर प्रत्यक्षात काय झाले असते हे मनाला कधी कळतच नाही आणि पुढच्या वेळी धडधड आणखी आधी सुरू होते. यावरचा उपाय क्रमाने करायचा असतो. ज्या विषयाची भीती त्यातल्या त्यात कमी आहे तो निवडा, आदल्या दिवशी एक शंका कागदावर पूर्ण वाक्यात लिहून ठेवा आणि तास सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच ती वाचून विचारा. वाट पाहण्यात भीती वाढते, म्हणून लवकर. आवाज कापला तरी हरकत नाही. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत विचारा. महाराष्ट्रातल्या विभागांतले बहुतेक शिक्षक अशा प्रश्नाला मराठीतच उत्तर देतात, आणि समजा एखाद्याने दिले नाही तरी प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो. हे दोन-तीन आठवडे करा, मग दुसरा विषय घ्या. मधल्या काळात वर्गातल्या तिघींना फोन लावा. संदेश पाठवून भागत नाही, आवाज ऐकू यायला हवा. पहिल्या फोनला विषय हवा असेल तर ‘कालच्या तासातलं तुला किती कळलं’ एवढा पुरतो. रेंजचा प्रश्नही शिक्षकांना दोन ओळींच्या मेलने आधीच कळवून ठेवा आणि तासाचे रेकॉर्डिंग मागा, म्हणजे ‘नेट गेलं होतं’ हे खरे असेल तेव्हाच सांगावे लागेल.

‘कोरोनाची डिग्री’ म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका, पण त्या टोमण्यात एक खरी काळजी दडली आहे, ती म्हणजे प्रात्यक्षिकांची. रसायनशास्त्र ब्युरेट हातात धरल्याशिवाय येत नाही. राज्य सरकारने १५ फेब्रुवारीपासून पन्नास टक्के उपस्थितीने महाविद्यालये सुरू करण्यास परवानगी दिली आहे. तुमचा विभाग प्रत्यक्षात केव्हा उघडेल हे स्थानिक प्रशासन आणि विद्यापीठ ठरवेल. तो उघडल्यावर राहिलेली प्रात्यक्षिके सलग घेणार का, आणि बाहेरगावच्या मुलींच्या वसतिगृहाचे काय, हे प्रश्न तुम्ही चौघी-पाच जणींनी मिळून विभागप्रमुखांना आत्ताच लेखी विचारावेत.

एवढे करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, वाचलेले डोक्यात शिरत नसेल, तर समुपदेशकाशी बोला. चिंतेची तीव्रता पाहण्यासाठी ‘जीएडी-७’ ही सात प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. तिचे गुण शून्य ते एकवीस असतात आणि दहा किंवा अधिक आले तर तज्ज्ञाला भेटावे असा संकेत आहे. त्या गुणांवरून स्वतःच निदान मात्र करू नये.

प्रश्न : जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवले. महिन्याभरात लॉकडाऊन लागला. वीज जात-येत राहिल्यामुळे फ्रीजमधली कल्चर्स (जोपासलेले सूक्ष्मजीव) मेली. ऑक्टोबरनंतर प्रयोगशाळा उघडली, पण एक दिवसाआड पाळी आहे. पाच महिने फेलोशिप आलेली नाही. गाईड सरांशी चार-पाच वेळा पडद्यावरच बोलणे झाले आणि दर वेळी पहिला प्रश्न ‘प्रोग्रेस काय?’ हाच. वर्ष वाया घालवल्याची बोच आहे. रात्री दोन-तीनपर्यंत जागा असतो. कधी कधी वाटते, सकाळी जाग आलीच नाही तर बरे. हे सरांना सांगावे का?
— एक संशोधक विद्यार्थी, औरंगाबाद

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मी सर्वांत आधी धरते. सकाळी जागच येऊ नये असे वाटणे आणि जीव द्यावासा वाटणे यांत अंतर आहे, पण ते किती आहे हे समोर बसून बोलल्याशिवाय कोणालाही ठरवता येणार नाही, आणि पत्रातून तर मलाही नाही. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर पहिली गोष्ट ही करा की, ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला हे वाक्य जसेच्या तसे सांगा, आणि या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास सुरू असते आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. स्वतःला इजा करण्याचा विचार एका क्षणासाठी जरी स्पष्ट झाला, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न पाहता कोणालातरी सोबत घेऊन सरळ रुग्णालयात जा.

आता उरलेल्या पत्राविषयी. संशोधक विद्यार्थ्यांची चिंता महामारीने जन्माला घातलेली नाही. ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या एका पाहणीत २६ देशांतल्या २३४ संस्थांमधले २,२७९ विद्यार्थी होते, बहुतेक पीएच.डी.चे. त्यांच्यापैकी ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंता आढळली. त्याच मोजपट्टीवर सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ६ टक्के धरले जाते. पाहणी ऑनलाइन होती, आणि ज्याचे दुखते तो अशी प्रश्नावली अधिक उत्साहाने भरतो, हे लक्षात घेऊन आकडा थोडा खाली ओढला तरी तो लहान होत नाही. गेल्या वर्षी मे ते जुलै या काळात अमेरिकेतल्या नऊ सार्वजनिक विद्यापीठांच्या पंधरा हजारांहून अधिक पदव्युत्तर व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तिच्यात ३९ टक्के जण चिंतेच्या प्राथमिक चाचणीत वर आले, म्हणजे आदल्या वर्षाच्या सुमारे दीडपट. तुम्ही एकटे नाही, हे सांगण्यासाठी मी हे आकडे देत नाही, कारण त्याने कोणाची झोप परत येत नाही. इतक्या वेगवेगळ्या देशांत, इतक्या वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांना एकच त्रास होत असेल तर त्याचे मूळ माणसांच्या कमकुवतपणात शोधणे चूक आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

सरांना काय सांगायचे, याचे दोन भाग करा. पहिला भाग कामाचा आहे आणि तो लेखीच हवा. प्रयोगशाळा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होती, कोणती कल्चर्स गेली, ती पुन्हा मिळवायला कोठे मागणी नोंदवावी लागेल, आठवड्यात प्रत्यक्ष किती तास प्रयोगशाळेत काम करता येते, हे सगळे एका पानात लिहून मेल करा. ‘प्रोग्रेस काय?’ या प्रश्नाचे आजचे खरे उत्तर तेच आहे. अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे कामाचा आढावा मांडायचा असतो. तेव्हा हेच पान उपयोगी पडेल आणि पुढे मुदतवाढीचा प्रश्न निघाला तर तुमच्या बाजूने बोलेल. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत, आणि त्या हिशेबात आठ महिने मोठे असले तरी त्यांनी पदवी बुडत नाही.

दुसरा भाग तब्येतीचा आहे. तो किती सांगायचा हे तुमच्या हाती आहे. ‘गेले काही महिने झोप नाही, तब्येत ठीक नाही, डॉक्टरांकडे जातो आहे’ एवढे पुष्कळ झाले. गाईडला आपला समुपदेशक करण्याचा प्रयत्न करू नये, त्यांना ते काम येत नसते आणि अनेकांना ते अवघडही वाटते. मात्र एक मागणी जरूर करा. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या दिवशी वीस मिनिटे बोलायचे, काम झालेले असो वा नसो. केव्हा फोन येईल याची धास्ती अशा ठरलेल्या वेळेने बरीच कमी होते, असा माझ्याकडे येणाऱ्या संशोधकांचा अनुभव आहे.

आणि फेलोशिप. पाच महिने हातात पैसा न आलेल्या माणसाला प्राणायाम सुचवणे मला पटत नाही. दरमहाची ही रक्कम (२०२१ मध्ये ३१,००० रुपये) हा तुमचा चरितार्थ आहे, त्यामुळे त्याची काळजी वाटणे याला आजार म्हणू नये. फेलोशिप आयोगाची असेल तर कॅनरा बँकेच्या पोर्टलवर दर महिन्याची खातरजमा संस्थेतल्या ‘मेकर’ने भरावी लागते आणि ‘चेकर’ने मंजूर करावी लागते. संस्था अर्धवट उघड्या असताना ही साखळी कोठेतरी अडलेली असू शकते. कोणत्या महिन्यापर्यंत नोंद झाली आहे हे कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन पाहा, आणि ज्यांची थकली आहे अशा सगळ्यांनी एकच अर्ज करा. घरीही सांगा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे मुलगा मार्गी लागला, असे त्यांना वाटत असणार. ती पाच महिने येत नाही हे त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसे?

प्रश्न : एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी जानेवारीत वसतिगृहात परवानगी मिळाली. एका खोलीत एकच जण. रात्री अचानक श्वास पुरत नाहीसा होतो, बोटांना मुंग्या येतात, आता आपल्याला कोविड झाला असे वाटते. ऑक्सिमीटर उशाशीच असतो. दिवसातून कितीदा लावतो ते सांगायची लाज वाटते. आकडा ९८ येतो, दहा मिनिटे बरे वाटते, पुन्हा लावतो.
— एक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो आणि म्हणून बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. प्राणवायू त्या वेळी पुरेसाच असतो, त्यामुळे आकडा ९८ दिसतो. श्वास पुरत नाही असे वाटून माणूस आणखी जोराने श्वास घेतो आणि त्रास वाढतो. हा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचून उतरू लागतो. कोविडचा दम बहुधा ताप-खोकल्यासोबत येतो, चालल्यावर वाढतो आणि दहा मिनिटांत जात नाही. मात्र कोविडमध्ये काहींना दम न जाणवताही प्राणवायू घटलेला असतो, म्हणून ते यंत्र फेकून द्या असे मी म्हणणार नाही.

ताप, खोकला, वास जाणे यांपैकी काही असेल तर दिवसातून दोनदा बसून आकडा पाहा आणि एकदा सहा मिनिटे खोलीत चालून पुन्हा पाहा. तो ९४ च्या खाली गेला किंवा चालण्यापूर्वीच्या आकड्यापेक्षा तीनने उतरला तर लगेच डॉक्टरांना कळवा. बोट गार असेल, त्यावर नखपॉलिश असेल, तर यंत्र चुकते. लक्षण एकही नसेल तर मात्र ऑक्सिमीटर वॉर्डनकडे किंवा शेजारच्या खोलीतल्या मित्राकडे ठेवायला द्या. तुमच्या बाबतीत ९८ हा आकडा आता दिलाशाची मात्रा झाला आहे. मात्रा दहा मिनिटे टिकते आणि पुढची मागते. झटका आला की पाय जमिनीवर टेकवून बसा, नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा, आणि सोडण्याकडे अधिक लक्ष द्या. पहिल्या काही वेळा फरक पडल्यासारखे वाटणार नाही, तरी चालू ठेवा.

एकदा डॉक्टरांकडून हृदय आणि थायरॉइड तपासून घ्या. दोन्ही ठीक निघाले तर तो अहवाल जपून ठेवा, पण दर आठवड्याला नवा करू नका. आणि एकट्याच्या खोलीत रात्रीचे जेवण डब्यात आणून खात असाल तर ते व्हरांड्यात, अंतर राखून का होईना, कोणासोबत तरी खा.

प्रश्न : आमच्या मुलाला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यापीठात एम.एस.साठी प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये निघायचा होता, व्हिसाची मुलाखतच झाली नाही, म्हणून घरूनच शिकतो आहे. मध्यरात्रीनंतर क्लास, पहाटे चारला झोप, उठतो दुपारी. जेवायला बोलावले की चिडतो. ‘काय म्हणतंय कॉलेज?’ विचारले तर ‘ठीक’. शैक्षणिक कर्जातून पहिल्या सत्राची फी भरली आहे. सोसायटीत रोज कोणीतरी ‘अजून गेला नाही का?’ असे विचारतो. त्याला शिस्त लावावी, का हा काही आजार आहे?
— एक पालक, नाशिक

उत्तर : आधी घड्याळ पाहू. तिथे दुपारी दोनचा तास असेल तर ऑक्टोबरअखेरपर्यंत तो आपल्याकडे रात्री साडेअकराला होता. १ नोव्हेंबरला अमेरिकेची घड्याळे मागे गेल्यापासून तो साडेबाराला आहे, आणि १४ मार्चला पुन्हा साडेअकराला येईल. दीड तासाचा वर्ग, त्यानंतर तिथल्या मुलांबरोबर गटाचे काम, म्हणजे पहाटेचे चार होणारच. त्याला रात्रपाळी आहे आणि रात्रपाळीच्या माणसाला सकाळी आठला उठवणे ही शिस्त नव्हे. त्याच्या झोपेची वेळ घराने मान्य करावी. ती रोज एकच असावी, शनिवार-रविवारीही, आणि खोलीत अंधार असावा. उठल्यावर अर्धा तास तो उन्हात गेला तर फार चांगले.

त्याने काय गमावले आहे तेही पाहा. गेल्या जुलैच्या ६ तारखेला अमेरिकी सरकारने केवळ ऑनलाइन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही असे जाहीर केले, हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेल्या, १४ जुलैला तो आदेश मागे घेतला गेला. पण पूर्ण ऑनलाइन वर्ग असलेल्या नव्या विद्यार्थ्यांना त्यानंतरही प्रवेशाची मुभा मिळाली नाही. तुमचा मुलगा या नव्यांमधला. बॅगा भरून झालेल्या, कुकर आणि भाजणीची पाकिटे वजनकाट्यावर तोलून ठेवलेली, नातेवाइकांकडे निरोपाची जेवणे झालेली, आणि मग तोच मुलगा त्याच खोलीत. हे दुःख सांगायला संकोच वाटतो, कारण लोक दगावत असताना ‘मला अमेरिकेला जाता आले नाही’ हे बोलून दाखवणे त्याला स्वतःलाच क्षुल्लक वाटत असणार. बॅगा अजून त्याच्या खोलीत असतील तर त्याला विचारून दुसरीकडे हलवा. सोसायटीतल्या प्रश्नांना तुम्हीच उत्तर द्या; त्याने ते रोज द्यावे असे काही नाही.

‘काय म्हणतंय कॉलेज?’ हा प्रश्न दिवसातून एकदाच विचारला तरी त्याला त्यात कर्जाचा हप्ता ऐकू येतो. पैशाचे बोलणे वेगळे काढा. महिन्यातून एकदा, ठरवून, कागद घेऊन बसा. शैक्षणिक कर्जाची रक्कम एकदम दिली जात नाही, सत्रागणिक फी भरताना सुटते, तेव्हा आजपर्यंत किती रक्कम उचलली, तिच्यावर व्याज किती चढते आणि सत्र किंवा वर्ष पुढे ढकलायचे ठरले तर बँकेला काय कळवावे लागेल, हे तिघांनाही माहीत असावे. पुढे ढकलण्याबाबत विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला त्यानेच मेल करावा. बाकीचे दिवस क्रिकेटवर बोला. आणि घराचे रात्रीचे जेवण हे त्याचे दिवसातले मुख्य जेवण धरून एवढे एकच जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यावे.

आजार आहे का? जुन्या मित्रांचे फोनही तो घेत नसेल, आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील, असाइनमेंट तुंबत असतील किंवा निराशेचे बोलणे येत असेल तर तज्ज्ञाची गरज आहे. अमेरिकेत समुपदेशकांचे परवाने राज्याराज्याचे असतात, त्यामुळे भारतात बसलेल्या विद्यार्थ्याला नियमित समुपदेशन देणे तिथल्या अनेक विद्यापीठांना जमत नाही, आणि मदत इथेच शोधावी लागते. टाटा समाज विज्ञान संस्थेच्या ‘आयकॉल’वर, ९१५२९८७८२१ या क्रमांकावर, प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. क्रमांक त्याला द्या, पण त्याच्या वतीने फोन करू नका.

प्रश्न : मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्यास त्याची नोंद राहते का? पुढे नोकरी, पोस्ट-डॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधन), लग्न यांत अडचण येईल का? गोळ्यांची सवय लागते का?
— एक पीएच.डी. विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : डॉक्टरांकडे तुमची केस असते, पण ती तुमच्या विद्यापीठाला, मालकाला किंवा नातेवाइकांना दाखवण्याचा अधिकार त्यांना नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असणे असे मोजके अपवाद आहेत. त्याच कायद्यातील कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा उपलब्ध करून द्यायचा आहे. लग्नाचा निर्णय करताना काय सांगायचे, केव्हा सांगायचे, हे तुम्ही ठरवाल. त्या भीतीपोटी आज उपचार टाळणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

चिंतेवर बहुधा ज्या गोळ्या प्रथम दिल्या जातात त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यांची चटक लागत नाही, पण त्या मनाने एकदम बंद करू नयेत. सवय लागते ती झोपेच्या आणि लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर किंवा ओळखीच्या मेडिकल दुकानातून त्या आणणे थांबवा. प्रत्येकाला औषध लागतेच असेही नाही. सौम्य त्रासात नुसते समुपदेशन पुरते, आणि औषधे मानसोपचारतज्ज्ञासारखे डॉक्टरच देऊ शकतात, मानसशास्त्रज्ञ नव्हे.

बाहेर पडणे अवघड असेल तर व्हिडिओवर सल्ला घेता येतो. २५ मार्च २०२० रोजी निघालेल्या दूरवैद्यकीय सेवेच्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला रीतसर मान्यता दिली आहे. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. पहिल्या भेटीला जाताना त्रास केव्हापासून आहे, झोप किती तास लागते, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि घरात कोणाला असा त्रास झाला होता का, हे एका कागदावर लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसल्यावर यातले निम्मे आठवत नाही.